आधी कसा होता?

मनोविकारतज्ज्ञाकडे एखाद्याला पहिल्यांदा नेलं, की तक्रारी सांगून झाल्यावर डॉक्टर घरच्यांना एक प्रश्न हमखास विचारतात: हे सगळं सुरू व्हायच्या आधी तो कसा होता? रियाधला हा प्रश्न अरबीत विचारला जातो, पुण्याला मराठीत. उत्तरं फारशी वेगळी नसतात. आई म्हणते, गरीब स्वभावाचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. थोरला भाऊ म्हणतो, पहिल्यापासूनच हेकट. वडील म्हणतात, चांगला होता की, चारचौघांसारखा. बहीण गप्प बसते आणि नंतर डॉक्टरांना एकटं गाठून तिसरंच काही सांगते. प्रत्येकाच्या दृष्टीने त्याचं उत्तर खरं असतं, आणि त्या सगळ्यांतून डॉक्टरला त्या माणसाचा मूळचा स्वभाव वेगळा काढायचा असतो.

पुढल्या पानांचा विषय याच प्रश्नातून निघाला आहे. स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसांची स्वभाववैशिष्ट्यं निरोगी माणसांपेक्षा वेगळी असतात का? असली तर कोणत्या बाबतीत? आणि ते वेगळेपण आजाराच्या आधीचं, की आजारानेच आणलेलं? सौदी अरेबियाच्या संदर्भात हा प्रश्न पाहायचा म्हणजे कुठल्यातरी दूरच्या देशाची माहिती गोळा करायची, असं मराठी वाचकाने समजू नये. रत्नागिरी-रायगडमधल्या किती घरांतली माणसं जेद्दा, रियाध, दम्मामला राबली आहेत, हे कोकणात कुणाला सांगावं लागत नाही. शिवाय एकत्र कुटुंब, वडीलधाऱ्यांचा शब्द, नात्यातली लग्नं, आजाराची घरातल्या घरात ठेवलेली झाकली मूठ, यातलं आपल्याला परकं असं काय आहे?

आधी थोडा इतिहास. एमिल क्रेपलिनने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या आजाराचं चित्र रेखाटलं, तेव्हाच त्याच्या लक्षात आलं होतं की पुढे आजारी पडलेल्यांपैकी बरेच जण लहानपणी शांत, लाजाळू, एकलकोंडे होते. स्वित्झर्लंडच्या ऑइगेन ब्लॉयलरने १९०८ मध्ये 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द आणला. रुग्णांच्या नातेवाइकांतही तसाच काहीसा तऱ्हेवाईकपणा दिसतो, ही नोंद त्याची. १९२१ मध्ये एर्न्स्ट क्रेट्श्मरने त्याहून मोठी उडी मारली. शरीराची ठेवण, स्वभाव आणि मनोविकार हे एकाच रेषेवर असतात, असं त्याने मांडलं. त्याचा शरीरयष्टीचा भाग काळाच्या ओघात गळून पडला. स्वभाव आणि आजार यांत भिंत नसून उतार आहे, ही कल्पना मात्र टिकली. १९६२ मध्ये अमेरिकेच्या पॉल मील यांनी तिला नवं रूप दिलं: जन्मजात कल असलेले पुष्कळ असतात, आजारी त्यातले थोडेच पडतात.

मग मोजमापाचं युग आलं. हान्स आयसेंक यांनी आपल्या प्रश्नावलीतल्या एका मोजपट्टीला 'सायकोटिसिझम' असं भारदस्त नाव दिलं खरं, पण ती पट्टी मनोविकारापेक्षा माणसाचा रुक्षपणा आणि बेपर्वाईच जास्त मोजते, अशी टीका तिच्यावर होत राहिली. आज दोन साधनं सर्वांत जास्त वापरली जातात. एक, पॉल कोस्टा आणि रॉबर्ट मॅक्रे यांची पाच घटकांची प्रश्नावली. तिची मोठी आवृत्ती २४० प्रश्नांची, छोटी ६० प्रश्नांची. लवकर घाबरण्या-खचण्याची वृत्ती, बहिर्मुखता, नव्या अनुभवांबद्दलचा मोकळेपणा, मनमिळाऊपणा आणि कामातला नेटकेपणा हे ते पाच घटक. दुसरं साधन रॉबर्ट क्लोनिंजर यांचं. त्यात धोका टाळण्याची वृत्ती, स्वतःच्या बळावर आयुष्य हाकण्याची क्षमता, इतरांशी जुळवून घेणं, स्वतःपलीकडच्या कशाशी तरी जोडलं गेल्याची जाणीव, अशा सात बाजू आहेत.

या साधनांनी जगभर जे हाती लागलं, ते बऱ्यापैकी एकसारखं आहे. जपानी संशोधक काझुताका ओही आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये पाच घटकांवरच्या उपलब्ध अभ्यासांचे आकडे एकत्र केले. निरोगी गटाच्या तुलनेत स्किझोफ्रेनिया असलेल्यांत घाबरण्या-खचण्याची वृत्ती सरासरीने जास्त, आणि उरलेले चारही घटक सरासरीने कमी. क्लोनिंजर यांच्या प्रश्नावलीतही चित्र याला धरूनच आहे: धोका टाळण्याकडे कल जास्त, स्वतःच्या बळावर चालणं आणि जुळवून घेणं कमी, आणि स्वतःपलीकडच्या शक्तीशी नातं असल्याची जाणीव अधिक.

हे वाचून एखादा शुभंकर म्हणेल, यात नवीन काय सांगितलंत? (पेशंटला 'शुभार्थी' आणि सांभाळणाऱ्याला 'शुभंकर' म्हणायची पद्धत महाराष्ट्रातल्या स्वमदत गटांत रुळली आहे. मला ती आवडते, म्हणून इथे वापरतो.) रोज घरात वावरणाऱ्या आईला हे कळायला २४० प्रश्न लागत नाहीत. मुलगा मित्रांत जात नाही, आंघोळीचा कंटाळा करतो, फोन वाजला तरी दचकतो. पण माझा मुख्य आक्षेप नावीन्याच्या अभावावर नाही. आजाराची लक्षणं आणि स्वभावाच्या मोजपट्ट्या एकमेकींवर कितीतरी ठिकाणी चढलेल्या आहेत, हे या आकड्यांकडे पाहताना बहुतेक जण विसरतात. बोलणं आटणं, चेहऱ्यावर भाव न उमटणं, कशातच मन न लागणं, ही या आजाराची लक्षणं आहेत. भास आणि संशय यांच्यापेक्षा ती चिवट असतात, औषधालाही कमी दाद देतात. आता ज्याला ही लक्षणं आहेत त्याला तुम्ही विचारलंत, की तुम्हाला लोकांत मिसळायला आवडतं का, कामं वेळेवर पुरी करता का, तर तो काय उत्तर देणार? त्याने खरं उत्तर दिलं की आपण ते 'बहिर्मुखता कमी, नेटकेपणा कमी' असं नोंदवतो आणि लक्षणालाच स्वभाव म्हणून मोकळे होतो.

औषधांचंही तेच. हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांनी शरीर ताठरतं, चाल मंदावते, चेहरा मुखवट्यासारखा होतो. ओलान्झापिन, क्लोझापिन यांनी झोप येते, वजन वाढतं. अशा माणसाशी पाच मिनिटं बोलून बाहेर पडणाऱ्याला तो 'थंड' वाटतो. या औषधांनी कित्येकांचं आयुष्य पुन्हा उभं केलं आहे, त्यामुळे हा मुद्दा कुणी औषधं सोडण्याचं कारण म्हणून वापरू नये. फक्त स्वभावाची तुलना करताना गोळ्यांची मात्रा आणि आजाराची वर्षं यांचा हिशेब लागतो, आणि तो प्रत्येक अभ्यासात पुरेसा लावलेला नसतो.

आता सौदीकडे. २०२२ च्या जनगणनेनुसार देशाची लोकसंख्या सुमारे ३ कोटी २२ लाख. त्यातले जवळपास ४२ टक्के परदेशी. जागतिक आरोग्य संघटना स्किझोफ्रेनियाचं प्रमाण ३०० माणसांमागे एक असं धरते. त्याच हिशेबाने तिथे लाखभर शुभार्थी असायला हवेत. देशातलं पहिलं मनोरुग्णालय विसाव्या शतकाच्या मध्याला ताइफच्या शहार भागात उभं राहिलं आणि पुष्कळ वर्षं तेवढंच होतं. 'शहार' हे नाव तिथल्या बोलण्यात थट्टेचं झालं, जसं आपल्याकडे 'ठाण्याला पाठवा' किंवा 'येरवड्याचा रस्ता धरा' असं सहज बोललं जातं. १९८० च्या दशकापासून इतर शहरांत रुग्णालयं निघाली. व्यसनमुक्तीसाठी काढलेली 'अल-अमल' रुग्णालयं आता 'इरादा' या नावाखाली मानसिक आरोग्याचंही काम करतात. देशभरची मोठी पाहणी मात्र अलीकडची. डॉ. यास्मिन अल-तुवैजरी यांच्या नेतृत्वाखाली २०१३ ते २०१६ या काळात ४,००४ सौदी नागरिकांच्या घरी जाऊन मुलाखती घेतल्या गेल्या, आणि आयुष्यात कधी ना कधी एखादा मनोविकार झालेल्यांचं प्रमाण सुमारे ३४ टक्के निघालं. त्यात चिंता, नैराश्य, व्यसन, खाण्याचे विकार यांसारख्या गोष्टी येतात. स्किझोफ्रेनिया त्या हिशेबात नाही. घरोघर जाणाऱ्या मुलाखतकाराने तासाभरात ओळखावा असा तो आजार नव्हेच. त्यामुळे त्याची माहिती येते ती मुख्यतः रुग्णालयांतून, म्हणजे जे तिथवर पोचले त्यांच्याकडून.

मोजमापाची साधनं परदेशी असली की काय होतं, हा सौदीतला जुना प्रश्न आहे. कुर्ट श्नायडर या जर्मन डॉक्टरने ठरवलेली स्किझोफ्रेनियाची 'पहिल्या दर्जाची लक्षणं' सौदी रुग्णांत निदानासाठी कितपत उपयोगी पडतात, याची तपासणी झर्रूक यांनी १९७८ मध्येच 'ब्रिटिश जर्नल ऑफ सायकियाट्री'मध्ये केली होती. लक्षणांबाबत जी शंका तेव्हा घेतली गेली, ती स्वभावाच्या प्रश्नांबाबत तर अधिकच घ्यायला हवी. आयसेंक यांच्या प्रश्नावलीचं अरबी रूप अहमद अब्देल-खालेक या इजिप्शियन मानसशास्त्रज्ञाने सिद्ध केलं, म्हणजे भाषेची अडचण बरीच दूर झाली. पण भाषा अरबी झाली म्हणून प्रश्नामागचं जगणं अरबी होत नाही.

एक-दोन उदाहरणं घेतो. बहिर्मुखता मोजणाऱ्या प्रश्नांत पार्ट्या, गर्दी, अनोळखी लोकांशी गप्पा यांना मोठं स्थान असतं. सौदीत ३५ वर्षांहून अधिक काळ बंद असलेली सिनेमागृहं एप्रिल २०१८ मध्ये उघडली. बायकांना गाडी चालवायची परवानगी त्याच वर्षी जूनमध्ये मिळाली. त्याआधीच्या सौदी स्त्रीने 'मी फारशी बाहेर जात नाही' असं उत्तर दिलं, तर त्यात तिचा स्वभाव किती आणि ड्रायव्हर मिळण्या-न मिळण्याचा भाग किती? आजारी स्त्री आणि निरोगी स्त्री दोघी त्याच बंधनात असल्यामुळे तुलनेत ते वजा होईल, असं कुणी म्हणेल. पूर्ण होत नाही. निरोगी बाईला बहिणी, मैत्रिणी, लग्नसमारंभ यांतून वाट असते. आजारी बाईला बहुतेकदा समारंभाला नेलंच जात नाही. मग तिची 'कमी बहिर्मुखता' हा तिचा गुण की तिच्या घरच्यांचा निर्णय?

क्लोनिंजर यांची 'स्वतःच्या बळावर आयुष्य हाकण्याची' मोजपट्टी तर सरळ अमेरिकी मातीतली आहे. स्वतःचे निर्णय स्वतः घेणारा, स्वतःची ध्येयं स्वतः ठरवणारा माणूस तिच्यावर वर चढतो. तिशी उलटलेला अविवाहित सौदी तरुण आईवडिलांच्या घरी राहतो, नोकरी आणि लग्न या दोन्ही बाबतींत वडिलांचा शब्द मानतो, यात तिथल्या समाजाला काही वावगं वाटत नाही. सांगली-साताऱ्याकडेही परवापरवापर्यंत वाटत नव्हतं. म्हणून इथे निरोगी गट त्याच समाजातला असणं अत्यावश्यक आहे. सौदी शुभार्थीचे गुण अमेरिकी सरासरीशी ताडून पाहणं हा शुद्ध वेडगळपणा ठरेल.

सर्वांत अवघड मोजपट्टी मात्र तिसरी आहे, अदृश्य शक्तींशी नातं मोजणारी. जिन्नांचं अस्तित्व हा सौदीत श्रद्धेचा भाग आहे. कुराणातच त्यांचा उल्लेख आहे. नजर लागणं, जादू होणं यांवर निरोगी, सुशिक्षित माणसांचाही विश्वास असतो, आणि आजार आला की डॉक्टरच्या आधी किंवा डॉक्टरच्या जोडीने रुक्या, म्हणजे कुराणपठणाचा उपचार, होतोच. तेव्हा 'माझ्यावर अदृश्य शक्तीचा प्रभाव आहे' या विधानाला निरोगी सौदीही होकार देऊ शकतो. फरक होकारात सापडत नाही. श्रद्धाळू माणसाचा जिन्न सगळ्या समाजाचा असतो. त्याच्याबद्दल बोलायची, त्याच्यापासून वाचायची रीत ठरलेली असते. आजारी माणसाचा जिन्न एकट्या त्यालाच ऐकू येतो, आणि बाकीचे श्रद्धाळू लोकच म्हणतात, हे काही आपल्या जिन्नाचं लक्षण नव्हे. आपल्याकडे बाहेरची बाधा, करणी, उतारा यांत वाढलेल्या घरातही आई नेमकं हेच ओळखते: देवर्षी बघतो ते वेगळं आणि पोराला होतंय ते वेगळं. गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात, जिथे महाराष्ट्रातूनही लोक जातात, 'दवा आणि दुआ' दोन्ही एका आवारात देण्याचा प्रयोग झाला. त्यामागे हीच समज होती.

'निरोगी' गट कुठून आणायचा, हाही प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. सोय म्हणून रुग्णालयाचे कर्मचारी किंवा विद्यापीठाचे विद्यार्थी घेतले, तर शिक्षण आणि नोकरी यांनी आलेला नेटकेपणा आपण निरोगीपणाच्या नावावर जमा करतो. शुभार्थीचे भाऊ-बहीण घेतले, तर ब्लॉयलरची जुनी नोंद आडवी येते: नातेवाइकांतही त्या स्वभावाच्या छटा असतात, आणि तुलना केल्यावर फरक आहे त्याहून कमी भासतो. सौदीत १९९० च्या दशकातल्या पाहण्यांत निम्म्याहून अधिक लग्नं रक्ताच्या नात्यात झालेली आढळली होती. तिथे चुलतभाऊ हा मेहुणाही असू शकतो. आपल्याकडे मामाची मुलगी करणाऱ्या घरांना हे गणित समजावून सांगायला नको. अशा ठिकाणी शेजारच्या घरातला 'असंबंधित' माणूस शोधणं हेच संशोधकाचं निम्मं काम होऊन बसतं.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे, म्हणजे आधीच्या स्वभावाकडे. घरच्यांच्या आठवणीवर विसंबायचं नसेल तर आजार व्हायच्या आधीच कुणीतरी नोंद करून ठेवलेली हवी. अशा नोंदी थोड्याच आहेत आणि त्या फार बोलक्या आहेत. स्वीडनमध्ये १९६९-७० साली सक्तीच्या लष्करी भरतीत ५०,०५४ तरुणांना प्रश्न विचारले गेले होते. पुढे कोण आजारी पडलं याच्याशी ते ताडून माल्मबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये लिहिलं, की चार उत्तरांचा स्किझोफ्रेनियाशी घट्ट संबंध दिसला: जवळचे मित्र दोनपेक्षा कमी, लहान घोळक्यातच रमणं, आपण इतरांपेक्षा हळवे आहोत असं वाटणं, आणि प्रेयसी नसणं. चारही उत्तरं 'हो' असणाऱ्यांत धोका कितीतरी पट जास्त होता. पण पुढचं वाक्य वाचल्याशिवाय थांबू नये. या प्रश्नांवरून आजाराचं भाकीत करायला गेलं तर ते जेमतेम ३ टक्के खरं ठरत होतं. हळवे, एकलकोंडे, मोजके मित्र असलेले, शंभरातले उरलेले ९७ तरुण आपापल्या संसाराला लागले. यातले निम्मे पुढे कवी किंवा हिशेबतपासनीस झाले असतील, असं मला उगाच वाटतं.

ब्रिटनमध्ये मार्च १९४६ च्या एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा माग आयुष्यभर काढला गेला. त्यात सोळाव्या वर्षी लवकर घाबरणाऱ्या-खचणाऱ्या मुलांना पुढे स्किझोफ्रेनियाचा धोका जास्त, आणि बहिर्मुख मुलांना कमी, असं व्हॅन ऑस आणि जोन्स यांना २००१ मध्ये दिसलं. अमेरिकेत इलेन वॉकर यांनी घरगुती फिल्म्स जमवल्या. वाढदिवस, सहली, पोरांचे खेळ. कोणतं मूल पुढे आजारी पडलं हे ठाऊक नसलेल्या परीक्षकांना भावंडांतून ते ओळखायला सांगितलं, तर निव्वळ अंदाजाने जमेल त्याहून अधिक वेळा त्यांनी बरोबर ओळखलं. म्हणजे काहीतरी आधीपासून असतं. सगळा फरक आजाराने आणि औषधांनी केलेला नाही. पण जे असतं ते इतकं सौम्य, इतकं आपल्या-तुपल्यात सापडणारं असतं, की त्यावरून एका मुलाबद्दल काही बोलणं म्हणजे त्याच्यावर अन्याय.

ज्यांनी 'देवराई' (२००४) पाहिला असेल त्यांना ही गुंतागुंत वेगळी सांगायला नको. डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी केलेल्या त्या चित्रपटातला शेष देवराईच्या ध्यासाने झपाटलेला आहे. हा ध्यास शेषचा की त्याच्या आजाराचा? वाणी कॅनडात राहत, त्यांच्या पत्नीला हा आजार होता, आणि पुण्यातली 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' त्यांनीच सुरू केली. घरात वर्षानुवर्षं हा प्रश्न सोबतीला असलेल्या माणसाच्या प्रयत्नातून तो चित्रपट उभा राहिला म्हणूनच त्यात शेषचा ध्यास 'लक्षण' म्हणून झटकून टाकलेला नाही.

सौदीतल्या परदेशी कामगारांबद्दल थोडं. १९३२ मध्ये नॉर्वेच्या ऑर्नुल्व ऑडेगॉर्ड यांनी अमेरिकेच्या मिनेसोटात स्थायिक झालेल्या नॉर्वेजियनांत स्किझोफ्रेनियाचं प्रमाण मायदेशातल्यांपेक्षा जास्त असल्याचं दाखवलं आणि त्याचं कारण स्वभावात शोधलं: तुटलेपणाचा कल असलेलेच देश सोडतात. हे कोकणाला लावून पाहावं. मंडणगड-खेडहून आखाताकडे निघणारा माणूस हा बहुधा घरातला सर्वांत कर्ता, चार लोकांच्या ओळखी काढून व्हिसा मिळवणारा, मागे दहा जणांची जबाबदारी घेऊन जाणारा. शिवाय निघण्यापूर्वीच्या वैद्यकीय तपासणीत मनोविकार हे नापास करण्याचं एक कारण असतं. तुटलेल्या स्वभावाचे लोक देश सोडतात हा सिद्धान्त इथे चालतच नाही, आणि युरोपातल्या पुढच्या अभ्यासांनीही तो बराचसा मोडीत काढला. तरीही कॅम्पात एका खोलीत आठ-दहा जणांसोबत राहताना एखादा आजारी पडतोच. तेव्हा 'आधी कसा होता' हे सांगायला तिथे ना आई असते ना भाऊ. खोलीतले सोबती त्याला सहा महिन्यांपूर्वी पहिल्यांदा भेटलेले असतात. मुकादम म्हणतो, कामचुकार आहे. तो घरी पाठवला जातो, आणि गावात सांगतात, सौदीहून आला तेव्हापासून असा झाला.

मग या मोजमापाचा उपयोग काय? मला वाटतो तो निदानात नाही, उपचार बेतण्यात आहे. सरासरीने कमी बहिर्मुख असलेल्या गटातही कुणी गप्पिष्ट असतो, त्याला गटात बसवल्याने उभारी येते. अबोल माणसाला तिथे ढकललं तर तो पुढच्या वेळी येतच नाही. नेटकेपणाचं तर उलटंही होतं. रमजानात आजारी माणसाला रोज्यातून सूट असते, हे त्याला ठाऊक असतं. पण जो कर्तव्याला काटेकोर, तोच सूट घ्यायला तयार होत नाही आणि दिवसाच्या गोळ्या गुपचूप बंद करतो. मोजपट्टीवर याचा नेटकेपणा उत्तम असल्यामुळे 'हा औषधं चुकवणार नाही' असं डॉक्टर धरून चालला, तर ईदनंतर तो पुन्हा वॉर्डात दिसतो. अनुभवी डॉक्टर रमजानच्या आधीच्या भेटीत विचारतात, रोजे धरणार का. धरणार असेल तर ज्या गोळ्या चालतात त्या इफ्तार आणि सहरीच्या वेळांवर सरकवतात, नाहीतर महिनाभर पुरणाऱ्या इंजेक्शनचा पर्याय देतात. असं इंजेक्शन पोषणाचं नसल्याने त्याने रोजा मोडत नाही, असं बहुतेक आलिम मानतात.